उणे अकरा

बाईंनी डाव्या हातातलं चाक पाव फेरा फिरवलं, उजव्या हातातलं तसंच धरून ठेवलं आणि पायाखालची चकती टाचेने हळूच मागे ओढली. भिंगांच्या आत, धरणाच्या भिंतीच्या डावीकडून, प्रकाशाचा एक ठिपका सरकत आला. आधी तो हवेत तरंगत होता, मग उतरू लागला. भिंतीच्या टोकाशी येता येता तो दगडाला टेकला आणि त्याच क्षणी बाईंचा पाय थांबला.

"बसला?" समोरच्या टेबलावरून दशांशरावांनी विचारलं.

"बसला. चौदा, दोनशे सदतीस."

दशांशरावांनी आकडा लिहिला. एकोणीस वर्षं ते बाईंच्या समोर बसून आकडे लिहीत होते. कुणी वय विचारलं तर 'अठ्ठावन्न पूर्णांक तीन' असं सांगत, त्यामुळे त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

"डावा दिवा परत मंद झालाय," बाई भिंगांवरून चेहरा न उचलता म्हणाल्या. "इलेक्ट्रिशियनला सांगा."

"महिन्यात तीनदा बदलला, बाई. तो म्हणतो, आता दिवा नको, मला बदला."

"मग त्याला बदला," बाई म्हणाल्या आणि पुढच्या बिंदूकडे वळल्या.

काम समजायला सोपं आणि करायला कठीण होतं. विमान सरळ रेषेत उडताना ठरावीक अंतरावर जमिनीचे फोटो घेतं. लागोपाठचे दोन फोटो काचेवर उतरवून उपकरणात शेजारी शेजारी ठेवायचे. डाव्या डोळ्याला एक दिसतो, उजव्याला दुसरा. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि सपाट काचांमधून डोंगर उभा राहतो, दरी खोल जाते, घरांच्या छपरांना उंची येते. त्या जगात प्रकाशाचा एक ठिपका सोडलेला असतो. तो जमिनीला नेमका टेकवायचा आणि आकडा वाचायचा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, आणि या खोलीत बोलणं मायक्रॉनमध्येच चाले. 'चौदा, दोनशे सदतीस' म्हणजे चौदा मिलिमीटर, दोनशे सदतीस मायक्रॉन. असे हजारो बिंदू मोजले की नकाशावर उंचीच्या रेषा येतात.

बहुतेक मापनकार बिंदूवर येऊन थांबत, ठिपका वर-खाली करत आणि मग आकडा सांगत. बाई थांबत नसत. त्या नेहमी डावीकडून, चालत्या ठिपक्यानेच येत आणि तो टेकताक्षणी पाय रोखत. "थांबलं की डोळा विचार करायला लागतो," त्या म्हणत. अपवाद फक्त खुणेच्या बिंदूंचा. जमिनीवर चुन्याने फुली आखून ज्यांची उंची आधीच मोजलेली असते, अशा बिंदूंवर थांबून तीनदा वाचायचं असा नियम होता, आणि नियम म्हटल्यावर बाई थांबत.

खिडकीखालच्या खणात प्रत्येक मापनकाराचं कार्ड होतं. त्यातल्या शेवटच्या रकान्यावर 'वैयक्तिक दुरुस्ती' असं छापलेलं होतं. कुणाचा डोळा सवयीने जमिनीच्या थोडा वर टेकतो, कुणाचा थोडा खाली. एकाचे अधिक सहा, एकीचे उणे चार. चष्म्याच्या नंबरासारखी ती बाब होती, तिची कुणाला लाज वाटत नसे. बाईंच्या कार्डावर मात्र सत्तावीस वर्षं एकच आकडा होता. शून्य. पाहुणे आले की विभागप्रमुख खण उघडून ते कार्ड दाखवत. तेवढा वेळ बाई मान खाली घालून चाकांना तेल देत बसत. पाहुणे गेल्यावर खण नीट लागलाय की नाही, हे मात्र त्याच उठून बघत.

भिंतीपलीकडची घरघर थांबली. मग दार उघडलं आणि इंजिनिअर आत आला. त्याच्या हातात कागदाची लांब पट्टी होती.

"अकरा," तो म्हणाला. "पुन्हा अकराच, बाई."

इंजिनिअर बाईंचा जावई होता. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी दंडक घालून दिला होता: "घरी आई, इथे बाई." त्यानेही तो पाळला होता. ऑफिसात दोघं एकमेकांशी इतकं शिस्तीत बोलत की नव्या माणसाला नातं कळायला महिना लागे.

त्याने तीन वर्षं खपून उभं केलेलं यंत्र शेजारच्या खोलीत होतं. तेही हेच काम करायचं, फक्त डोळ्यांशिवाय. प्रकाशाचे दोन बारीक किरण दोन्ही काचांच्या त्याच तुकड्यावरून फिरत. काचेतून पार झालेल्या उजेडाचा चढउतार दोन नळ्यांमध्ये पकडला जाई, आणि दोन्हीकडचा चढउतार तंतोतंत जुळेपर्यंत एक लहानशी मोटर एक काच सरकवत राही. जुळलं की पट्टीवर आकडा उमटे. एका बिंदूला दोन सेकंद. बाईंना वीस लागत, इतरांना मिनिटभर.

इतर मापनकारांनी त्या यंत्राचं नाव 'बाईंची सवत' ठेवलं होतं. पहिल्यांदा ते चालू झालं तेव्हा सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाई काचेजवळ वाकून उभ्या राहिल्या. यंत्राने एका उताराचा बिंदू टिपला. "परत," बाई म्हणाल्या. त्याने परत टिपला, तोच आकडा. बाईंनी त्या दिवशी चाळीस वेळा 'परत' म्हटलं आणि चाळीसही वेळा आकडा दोन मायक्रॉनच्या आत राहिला. शेवटी सरळ होत त्या म्हणाल्या, "सवत आहे खरी, पण कामाला चोख आहे." पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी काळ्या कापडाची खोळ शिवून आणली, धूळ बसू नये म्हणून. माप न घेता शिवलेली ती खोळ यंत्राला कुठेही न ओढता बसली.

"कुठे कुठे अकरा?" बाईंनी विचारलं.

"खुणेचे बिंदू सोडून सगळीकडे. फुलीवर तुमचा आकडा आणि यंत्राचा आकडा एक. बाकी साठच्या साठ बिंदूंवर यंत्र तुमच्यापेक्षा अकराने कमी दाखवतंय." त्याने पट्टी टेबलावर पसरली. "चार महिन्यांपूर्वी तीन होता, मग सहा. म्हणजे सरकत चाललंय. पांढरी फुली ठळक असते, तिथे ते चुकत नाही. साध्या जमिनीवर कुठेतरी फसतंय."

"नळ्या?"

"बदलल्या."

"काच?"

"दोनदा उतरवून बसवली. खोलीचं तापमानही पाव अंशाच्या आत आहे." तो खुर्चीत बसला. "शुक्रवारी समिती येतेय, बाई."

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मुख्य कार्यालयातून तिघे येणार, ठरलेल्या साठ बिंदूंवर यंत्राचे आकडे बाईंच्या आकड्यांशी ताडून बघणार. सरासरी फरक पाचच्या आत असला तर यंत्र कायम. नाहीतर ते खोक्यात भरून परत कार्यशाळेत, आणि इंजिनिअर परत त्याच्या जुन्या टेबलावर. प्रमाण म्हणून बाईंचीच मापं धरायची, ही अट इंजिनिअरनेच अर्जात घातली होती.

"मी असं करतो," तो म्हणाला, "मागच्या बाजूला एक स्क्रू आहे. त्याने साठही बिंदूंत अकरा मिळवून ठेवतो. समिती होऊन जाऊ दे. कारण नंतर शोधेन."

"कारण सापडलेलं नाही, आणि दुरुस्ती करणार?"

"दुसरं काय करू? तुमचं माप चुकत नाही, म्हणजे यंत्र चुकतंय. हिशेब सरळ आहे."

बाईंनी चेहरा परत भिंगांवर टेकवला. दशांशरावांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. ते आधीच काढलेलं होतं.

संध्याकाळी घरी चहा बाईंनीच केला. लेक आणि जावई वरच्या मजल्यावर राहत, पण कामावरून आल्यावरचा पहिला चहा तिघं खालीच घेत. लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची.

"आज तुमच्या दोघांचं काय बिनसलंय?" तिने विचारलं. "जिन्यात एकमेकांना नमस्कार केल्यासारखे वागताय."

"सवत आजारी आहे," जावई म्हणाला.

"कुणाची?"

"आईंची. आणि खर्च माझा."

लेक हसली. "या घरात तिघं चुका शोधायच्या पगारावर जगतात. भाजीत मीठ कमी पडलं तर मला तक्रार येत नाही, अहवाल येतो. त्यात तुमच्या त्या यंत्राला मात्र चूक करायची मुभा."

"मुभा कसली! अकरा मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा सातवा भाग. तेवढ्यासाठी तीन रात्री झोप नाही मला."

"केसाचा सातवा भाग काचेवर," बाई किटली उचलत म्हणाल्या. "जमिनीवर तो एक वीतभर होतो."

त्यांनी किटली कलती केली. चहाची धार कपाच्या कडेवर आली. लेक नवऱ्याशी काहीतरी बोलत होती. बोलणं न थांबवता तिने कप अंगठाभर पुढे सरकवला आणि धार नेमकी कपात पडू लागली. बाईंनी दुसरा कप भरायला घेतला. लेकीने तोही सरकवला, न बघता, जशी रोजची सवय असावी.

बाईंची किटली हवेतच राहिली.

"हे कधीपासून करतेस?"

"काय?"

"कप सरकवतेस ते."

लेकीने हाताकडे बघितलं. "हो का? माझ्या लक्षातच नाही. असेल दोन-चार महिन्यांपासून. तू हल्ली थोडं अलीकडेच ओततेस ना, म्हणून."

जावई पट्टीवरचे आकडे वाचत होता. बाईंनी किटली खाली ठेवली, खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि परत बसवायला गेल्या. टोपण पेनाच्या शेजारून गेलं. दुसऱ्यांदाही गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते बोटांनी चाचपून बसवलं आणि चहा प्यायल्या.

बुधवारी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी ऑफिसात आल्या. उपकरण सुरू केलं. नेहमीप्रमाणे डावा दिवा मंद दिसला. मग त्या खुर्ची सरकवून थोड्या तिरक्या बसल्या आणि डाव्या भिंगाला उजवा डोळा लावला. दिवा लख्ख होता. डावा डोळा लावला. दिवा मंद, कडेने पिवळसर, चहाचा डाग पडलेल्या कापडातून बघावा तसा.

दशांशराव डबा ठेवत होते तेवढ्यात बाई म्हणाल्या, "कागद घ्या. धरणाच्या भिंतीचं टोक. वीसदा घेणार आहे. मी कशी येतेय ते सांगणार नाही, तुम्ही नुसते आकडे लिहा."

दशांशरावांनी लिहिले. बाई कधी डावीकडून आल्या, कधी उजवीकडून, क्रम मुद्दाम उलटसुलट ठेवला. उजवीकडून येताना पाय बावरत होता. सत्तावीस वर्षांत ती वाट त्यांनी कधी धरली नव्हती. वीस झाल्यावर त्यांनी मान उचलली.

"काय दिसतंय?"

दशांशरावांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "दोन माणसांनी मोजल्यासारखं दिसतंय, बाई. एक जण दोनशे सदतीसच्या आसपास आहे, दुसरा दोनशे पंधराच्या. आणि दोघंही मोठे काटेकोर दिसतात."

"मधोमध काय येतं?"

"दोनशे सव्वीस."

"सवतीचा आकडा काय होता?"

पट्टी अजून टेबलावरच होती, पण दशांशरावांना बघायची गरज पडली नाही. आकडे त्यांना पाठ होत. त्यांनी पेन्सिलीचं टोक दोनशे सव्वीसवरच टेकवलं. बाहेर झाडूवाली जिना झाडत होती.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "एकोणीस वर्षांत मी चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारत आलो. खोडलं कधीच नाही. पण रबर आहे माझ्याकडे. कपाटात आहे."

"एकोणीस वर्षांचं रबर कडक झालं असेल."

"तुम्ही मनावर घेऊ नका म्हणून सांगतोय. इंजिनिअरसाहेबांनी काल अकरा मिळवून ठेवलेत. शुक्रवारी तुमचे आकडे आणि यंत्राचे आकडे जुळतील. ते खूश, समिती खूश, तुमचं शून्य जागच्या जागी. कुणाचं काही बिघडत नाही."

बाई उठून मागच्या भिंतीशी गेल्या. तिथे जोडनकाशा लावला होता, शेजारशेजारची पानं चिकटवून केलेला. नव्या कालव्याची निळी रेघ त्यातून जात होती. जुनी पानं कित्येक वर्षांपूर्वी त्यांनीच मोजलेली होती. गेल्या चार महिन्यांतली नऊ पानं उजव्या बाजूला होती. बाईंनी दोन्हींच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"इथे पायरी पडेल," त्या म्हणाल्या. "एक वीतभर. जमिनीवर नसलेली. आणि मी घरी बसल्यावरही सवत ती पायरी पाडत राहील, दोन सेकंदाला एक. ती तर थकायचीही नाही."

दशांशरावांनी कागदाखाली तारीख घातली.

इंजिनिअरला त्यांनी त्याच्याच खोलीत जाऊन सांगितलं. कागद त्याच्या पुढ्यात ठेवला, डाव्या-उजव्याचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं. तो आधी ऐकत होता, मग त्याने पेन्सिल ओढून घेतली आणि कागदाच्या मागच्या बाजूवर दोन डोळे काढले, एकाला काळं केलं.

"अंधूक दिसणारा डोळा क्षणभर उशिरा बघतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "ठिपका थांबलेला असेल तर फरक पडत नाही. चालता असेल तर उशिरा बघणाऱ्या डोळ्याला तो मागे दिसतो, आणि दोन्ही डोळे मिळून उंची चुकते. डावीकडून आलं तर एकीकडे, उजवीकडून आलं तर दुसरीकडे. फुलीवर तुम्ही थांबता, म्हणून तिथे शून्य." त्याने पेन्सिल ठेवली. "यंत्र बरोबर होतं."

"पहिल्यापासून."

त्याच्या चेहऱ्यावर आनंद येऊन अर्ध्यावर थांबला.

"साठ बिंदू," तो म्हणाला. "साठही ठिकाणी अकरा. दहा नाही, बारा नाही. माणूस चुकतो तेव्हा इकडेतिकडे चुकतो, म्हणून मला तुमचा संशयच आला नाही. इतकं एकसारखं फक्त यंत्रच चुकतं असं धरून चाललो. तुम्ही चुकलात तेही मायक्रॉनला धरून."

"कौतुक नंतर करा. स्क्रू काढा आधी."

तो जागचा हलला नाही. दार लोटलेलं आहे ना, हे त्याने बघितलं.

"आई, हे कुणाला कळायची काय गरज आहे?"

"ऑफिसात बाई म्हणायचं."

"म्हणतो. पण ऐका. वर कळलं की तुम्हाला त्या खुर्चीवरून त्याच दिवशी उठवतील. चार वर्षं राहिलीत तुमची. तो खण उघडून साहेब परत कुणाला काय दाखवणार? मी शुक्रवारनंतर हळूहळू अकरा काढून घेतो, महिन्याला दोन-तीन. नऊ पानं गुपचूप परत मोजतो. डोळा आपण दाखवू. कुणाला काही न कळता सगळं जागेवर येईल."

"आणि समितीच्या कागदावर काय राहील?"

त्याने कागद उलटा करून ठेवला.

"माझं माप प्रमाण, आणि सवत त्याला जुळली, असं राहील," बाई म्हणाल्या. "खोटं. त्याखाली तुमची सही. तीन वर्षं झोप मोडून तुम्ही खरं सांगणारी वस्तू बनवलीत, आणि पहिल्याच परीक्षेत तिला माझ्यासाठी खोटं बोलायला लावणार?"

"तुमच्यासाठी लावेन," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग यंत्राच्या खोळीवर पडलेला एक धागा उचलून त्यांनी बोटाला गुंडाळला.

"स्क्रू काढा," त्या पुन्हा म्हणाल्या, पण या वेळी आवाज घरचा होता.

दुपारी त्या विभागप्रमुखांना भेटल्या. आत किती वेळ होत्या ते दशांशरावांनी मोजलं: सात मिनिटं. बाहेर आल्या त्या सरळ आपल्या खुर्चीवर बसल्या.

"उठवलं नाही?" दशांशरावांनी विचारलं.

"समितीला प्रमाण लागतं ना. साठ बिंदू दोन मायक्रॉनच्या आत दुसऱ्या कुणाला जमणार? साहेबांना म्हटलं, दोन्हीकडून येते आणि मधला काढते. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने फिटते. सोमवारपर्यंत बसू द्या."

"दोन्हीकडून म्हणजे एकशेवीस झाले."

"प्रत्येक दहा वेळा. बाराशे."

गुरुवारचा अख्खा दिवस त्यात गेला. पहिले तीस-चाळीस बिंदू उजवीकडून येताना बाईंचा पाय अडखळत होता. दशांशरावांना ते आकड्यांत दिसत होतं, चार-पाच मायक्रॉनचा विस्कळीतपणा. दुपारनंतर तो आटला. चार वाजता उजवीकडचे आकडेही डावीकडच्यासारखे एकावर एक पडू लागले. एकदा इंजिनिअर दारात येऊन उभा राहिला आणि ठिपका दिसत नसतानाही नुसते हात-पाय बघत आणि आकडे ऐकत राहिला. बाईंना तो आल्याचं कळलं नाही, की कळून त्यांनी दाखवलं नाही, हे सांगणं कठीण आहे.

शुक्रवारी समितीचे तिघे आले. त्यांनी कागद तपासले, यंत्र साठ बिंदूंवरून फिरवलं, सरासरी काढली. फरक दोन मायक्रॉन आला. तिघांतल्या एकाने विचारलं, की प्रमाणाची मापं दोन्ही बाजूंनी का घेतली आहेत? बाईंनी कारण सांगितलं, तीन वाक्यांत, आवाज न बदलता. विचारणाऱ्याने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "हे अहवालात लिहावं लागेल," तो म्हणाला. "लिहा," बाई म्हणाल्या. "तारखेसकट लिहा. चार महिने."

समिती गेल्यावर त्यांनी खिडकीखालचा खण उघडला आणि आपलं कार्ड काढलं. दुरुस्तीच्या रकान्यातल्या शून्यावर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं: उणे अकरा, चालत्या ठिपक्यावर, डावीकडून. तारीख घातली. खाली नऊ पानांचे क्रमांक लिहिले आणि पुढे 'पुन्हा मोजावीत' असा शेरा. त्याखाली कार्डावर पुष्कळ ओळी रिकाम्या होत्या.

"डॉक्टर काय म्हणाले?" दशांशरावांनी विचारलं.

"अजून कुठे दाखवलाय? मंगळवारी जायचंय. लेक म्हणते, मोतीबिंदू असेल. जावई म्हणतो, मी बरोबर येतो. म्हटलं, रजेचा अर्ज कर, कारणाच्या रकान्यात सासू लिही."

मग त्यांनी खणातून एक कोरं कार्ड काढलं. खोलीत जो मोजतो त्याचं कार्ड असतं, हाही नियमच होता. नावाच्या जागी त्यांनी यंत्राचा नोंदणी क्रमांक लिहिला. क्षणभर थांबून कंसात 'सवत' लिहिलं. शेवटच्या रकान्यात शून्य काढलं. शून्याची दोन टोकं जुळलीत की नाही ते डोळ्यांना नीट कळेना, म्हणून त्यांनी कार्ड दशांशरावांपुढे धरलं. त्यांनी मान हलवली.

सोमवारी नऊ पानांपैकी पहिलं यंत्रावर चढवलं. आकडे पट्टीवर आपोआप उमटत होते, लिहून घ्यायला माणूस लागत नव्हता, तरी दशांशराव कागद-पेन्सिल घेऊन यंत्रासमोर बसले. बाईंना बाजूला एक खुर्ची दिली होती. इंजिनिअरने खोळ काढली, घडी करून बाईंच्या मांडीवर ठेवली आणि कळ दाबली.

घरघर सुरू झाली. धरणाच्या भिंतीचं टोक. किरण डावीकडून आले. ती वाट इंजिनिअरने यंत्राला बाईंचीच बघून शिकवली होती. मोटर दोनदा सूक्ष्म हलली आणि थांबली.

"बसला?" दशांशरावांनी सवयीने विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोर कुणी नाही.

यंत्र गप्प होतं. पट्टीवर फक्त आकडा उमटला होता.

"बसला," बाई बाजूच्या खुर्चीवरून म्हणाल्या. "चौदा, दोनशे सव्वीस. लिहा."